चार बोटांची फट

"दोन आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दोन काय?" मी विचारलं.

"बाळं."

मी खुर्चीत बसलेलो होतो म्हणून निभावलं. उभा असतो तर त्या दवाखान्यात आणखी एक खाट अडली असती. आमच्या घरात आधीच दोन मुली आहेत, थोरली अकराची आणि धाकटी सातची. तिसऱ्याची बातमी पचवायलाच मला दोन महिने लागले होते. त्यात आता, आठव्या महिन्यात, चौथं; आधीच्या तपासणीत ते तिसऱ्याच्या आड लपलं होतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं तर घोड्यांची जोडी आली होती.

"एकदा पुन्हा मोजून बघता का?" मी म्हणालो. प्रश्न वेड्यासारखा वाटेल, पण मी सरकारी मोजणी खात्यात आहे. गेली एकवीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून देतो. पहिली मोजणी अंतिम समजू नये, हे आमच्या खात्याचं तत्त्वच आहे.

"बघते की," बाई म्हणाल्या. "पण तीन निघाली तर मला बोल लावू नका."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी फेरमोजणीचा अर्ज तिथल्या तिथे मागे घेतला.

आमचं घर म्हणजे एक हॉल, एक खोली आणि एक स्वयंपाकघर. हॉल हा आपला म्हणायला हॉल. त्यात अण्णांचा दिवाण आणि जेवायचं टेबल ठेवलं की उरलेल्या जागेत एका माणसानं उभं राहायचं, आणि दुसरा आला की पहिल्यानं टेबलावर बसायचं. खोलीत आमचा डबलबेड, त्याच्या खाली सामान, त्याच्या शेजारी जमिनीवर मुलींची गादी. सकाळी बायको उठायची ती मुलींच्या अंगावरून लंगडी घालत स्वयंपाकघरात जायची. पाच माणसं त्या घरात कशी मावली, हे मोजणी खात्यात राहूनही मला कधी कळलं नाही. सात कशी मावणार, हा तर विचारच करवेना.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत कवायतीचे शिक्षक होते. आवाज असा की त्यांनी मैदानावर 'सावधान' म्हटलं की रस्त्यापलीकडच्या बँकेतला कॅशियर ताठ व्हायचा. घरातही तेच. मी पंचेचाळिशीला आलो, डोक्यावरचे केस मागे सरकले, पण "पाठ सरळ!" अशी आरोळी आली की जेवता जेवता मी आपोआप सरळ होतो. माझी बायको, माझ्या मुली, दूध टाकणारा, कोणी त्यातून सुटलेलं नाही.

जुळ्यांची बातमी ऐकून अण्णा हसले. मुलींच्या हातावर खाऊ ठेवला. आणि दुसऱ्या दिवसापासून ते आमच्याकडे पाहुण्यासारखे वागू लागले.

खरा धक्का हा होता. "सूनबाई, जरा पाणी घेऊ का?" असं विचारून ते पाणी प्यायला लागले. आपलं अंथरूण उजाडायच्या आत घडी करून कोपऱ्यात ठेवायला लागले. "चहा फार छान झालाय" असं ते म्हणाले तेव्हा तर बायकोनं कपाळाला हात लावून त्यांना ताप आहे का ते पाहिलं. मी जेवताना मुद्दाम पोक काढून बसलो. त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. मी आणखी वाकलो, अगदी नाक ताटाला लागेपर्यंत. अण्णा शांतपणे जेवत राहिले.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, "मी तुझ्या दादाकडे जाऊन राहतो म्हणतो. त्याच्याकडे जागा आहे."

दादाकडे जागा आहे हे खरं. दादाकडे फक्त जागाच आहे. सहा खोल्यांत दोन माणसं. वहिनी या खोलीतून त्या खोलीत बोलायला फोन लावतात. मागे एकदा अण्णा तिकडे पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले आणि चौथ्या दिवशी पिशवी घेऊन दारात हजर. "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "तिथं ओरडायला कोणी नाही रे." आणि आता ते आपणहून तिकडे निघाले होते. दोन्ही मुलींनी भोकाड पसरलं. बायकोनं डोळ्याला पदर लावायच्या ऐवजी माझ्याकडे डोळे वटारले, जणू मीच त्यांना जा म्हटलं होतं.

"या घरातून कोणीही कुठेही जाणार नाही!" मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो. टेबलावर धाकटी बसली होती, ती दचकली.

"अरे, पण जागा?" अण्णा म्हणाले.

"जागा हा माझा विषय आहे."

"बरं. महिनाअखेरीपर्यंत बघ. जमलं तर राहतो. दादानं पुढच्या महिन्यातल्या पहिल्या बुधवारचं तिकीट काढून ठेवलंय."

मी त्याच दुपारी टेप काढला. खोलीतल्या दाराकडच्या भिंतीला मुलींसाठी दुमजली पलंग करायचा. खालच्या मजल्यावर धाकटी, वर थोरली. मग डबलबेडवर बायको आणि दोन बाळं, आणि जमिनीवर मी. हॉलमधल्या अण्णांच्या दिवाणाला धक्का लागणार नव्हता. भिंत नऊ फूट, त्यात पावणेतीन फूट दाराची चौकट, उरले सव्वासहा. पलंग सहा फुटांचा. तीन इंच शिल्लक! इतकी सुबक मोजणी मी खात्यातसुद्धा क्वचित केली असेल. कागदावर आराखडा काढला, दिशा दाखवणारा बाण काढला, खाली सही केली.

इथं माझी चूक झाली. मोजणीत नाही, तिकडे नंतर येतो. चूक ही की मी तो आराखडा जिन्यात समोरच्या काकूंना दाखवला.

समोरच्या काकूंना जगातल्या सगळ्या विषयांतलं कळतं आणि ते त्या कोणापासून लपवून ठेवत नाहीत. "सहाच फूट?" त्या म्हणाल्या. "अहो, पोरी वाढत्या वयाच्या. दोन वर्षांत पाय बाहेर येतील. साडेसहा करा."

"काकू, मग पलंग तीन इंच दारात येईल."

"येऊ दे की! तुम्हाला काय दारातून हत्ती न्यायचाय? अंग चोरून जायचं." मग त्यांनी बायकोच्या पोटाकडे एक नजर टाकली. "हिला तेवढे थोडे दिवस त्रास." मी सहाचे साडेसहा केले.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांनी आराखडा उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "दुमजली पलंग हलतो. भिंतीला घट्ट बसवा. आठ बोल्ट, शिवाय सांध्यांना डिंक. भूकंपातसुद्धा पलंग जागचा हलता कामा नये." मी विचारलं, बाकीची इमारत हलली तर? ते म्हणाले, तो माझा विषय नाही.

मग सेक्रेटरी. आमच्या बिल्डिंगमध्ये सुतारकाम करायचं तर अर्ज लागतो. अर्जात एक रकाना होता, 'घरात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या'. मी लिहिलं, पाच. सेक्रेटरींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, आणि तुम्ही पाच लिहिता?" मी पाच खोडून सात केलं. "जे जन्माला आलेले नाहीत त्यांना राहणाऱ्यांत कसं धरणार?" ते म्हणाले. मी म्हणालो, मग काय लिहू? तेवढ्यासाठी समितीची बैठक बसली. तास दीड तास चर्चा झाली. शेवटी ठरलं की पाच पेनानं लिहायचं आणि दोन पेन्सिलीनं. मी मुकाट्यानं लिहिलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. परवानगीच्या कागदावर खाली लाल शाईत होतं: दुपारी दोन ते चार ठोकाठोक पूर्ण बंद.

या सगळ्यात महिना संपत आला आणि मग मिस्त्री आला. कमी बोलणारा, कानाला पेन्सिल लावलेला माणूस. त्यानं आल्या आल्या खिशातून टेप काढला.

"मापं झालेली आहेत," मी म्हणालो.

"एकदा बघून घेतो, साहेब."

"मिस्त्री, मी मोजणी खात्यात एकवीस वर्षं आहे. माझ्या मापात एका सुताची चूक निघाली तर नाव बदलीन. तुम्ही लाकूड कापा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, टेप खिशात घातला आणि लाकूड कापायला लागला. त्या माणसाचा हा गुण पुढे मला फार महागात पडला. सांगितलेलं ऐकायचा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, काकू डोकावल्या. "अहो, हा भुसा किती उडतोय! आणि घरात गरोदर बाई! खोलीचं दार लावून घ्या बघू!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणतं दार?

आता सांगतो. या घरात राहायला आलो त्या दिवशी ते दार जे उघडलं, ते अकरा वर्षं बंद झालं नाही. खोलीत कपाट ठेवायला जागा नव्हती म्हणून पहिल्याच आठवड्यात मी दाराला सहा खुंट्या ठोकल्या. दार पूर्ण मागे फिरून भिंतीला टेकलेलं. त्यावर कपडे, छत्र्या, मुलींची दप्तरं, बायकोची पर्स, अण्णांचा जुना कोट. घरात सगळे त्याला खुंटाळंच म्हणायचे. "माझा शर्ट कुठाय?" "खुंटाळ्यावर." ते मुळात दार आहे हे धाकटीला तर माहीतच नव्हतं, ते बंद असलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

कपड्यांचा ढीग उतरवून आम्ही ते भिंतीपासून सोडवलं. कुरकुरलं आणि बंद झालं! सगळे बघायला जमले. दाराच्या पाठीमागे रंग अगदी नवा होता. धाकटीनं ते चारदा उघडून आणि लावून पाहिलं. "बाबा, आपल्याकडे दार आहे!" ती मैत्रिणीला सांगायला धावली. मग सगळ्यांना बाहेर काढून आत मी आणि मिस्त्री राहिलो, आणि मी दार लावून घेतलं. मदतीला राहिलो असं मी म्हणतो. मिस्त्रीचं मत वेगळं असू शकेल.

पावणेदोनला शेवटचा बोल्ट बसला. आठही बोल्टांची डोकी आत ठोकून वर डिंक आणि भुशानं बुजवली. मी पलंगाचा खांब धरून गदागदा हलवला. पलंग हलला नाही, मीच हललो. तीन इंच दारात आला होता खरा, पण अंग चोरून जाता येईल इतकी वाट होती. मला एकदम भरून आलं. बुधवारचं तिकीट फाडून टाकायला आता हरकत नव्हती.

"या सगळे!" मी ओरडलो आणि मोठ्या ऐटीत कडी काढून दार ओढलं.

दार चार बोटं उघडलं आणि टक् करून थांबलं.

पुन्हा ओढलं. टक्.

"मिस्त्री, दार अडकलंय."

मिस्त्री आला. वाकून पाहिलं, मग उभं राहून पाहिलं. दार आत उघडतं. बिजागऱ्या पलंगाच्या बाजूला. आणि त्या बिजागऱ्यांना चिकटून, तीन इंच पुढे, पलंगाचा जाडजूड खांब उभा. दाराला मागे जायला जागाच नव्हती.

"अडकलं नाही, साहेब," तो म्हणाला. "दार बरोबर आहे. पलंग पण बरोबर आहे."

"मग?"

"मापं तुमची."

मी भिंत मोजली होती. चौकट मोजली होती. खुंटाळं मोजलं नव्हतं. खुंटाळं कोण मोजतं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी पलंगाच्या कडेला बसलो.

फटीत थोरलीचा एक डोळा आला. "बाबा, तुम्ही लोकांच्या जमिनीपण अशाच मोजता?"

"बिजागऱ्या खोला," मी मिस्त्रीला म्हणालो.

"खांबाच्या मागे गेल्या."

"बोल्ट काढा."

"डोकी बुजवली. तुम्हीच म्हणालात, भूकंप."

"दार फोडा."

"सागवानी आहे, साहेब. त्यापेक्षा पलंग लवकर फुटेल." एवढं बोलून त्यानं खांबावरून हात फिरवला. स्वतःच्या हातची वस्तू फोडायची भाषा त्याच्या तोंडून निघाली याचं त्याला फार वाईट वाटलं असावं.

खिडकी होती, पण तिला जाळी होती. मुली पडू नयेत म्हणून मीच बसवून घेतलेली, तीही घट्ट.

फटीत आता बायकोचा डोळा आला. "अहो."

"आलो, आलो. दोनच मिनिटं. किरकोळ अडचण आहे."

"मी दाराबद्दल बोलत नाहीये. मला कळा येतायत."

अजून तीन आठवडे होते. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली होती, मी ती कॅलेंडरवर लाल गोलात घातली होती. "तू... तू जरा थांब," मी म्हणालो. लाजेनं मान खाली जाते, पण मी खरंच असं म्हणालो. नऊ महिन्यांची बाई दाराबाहेर, मी दाराआत, आणि मी तिला जरा थांब म्हणालो. मग मी मिस्त्रीचा हातोडा उचलला आणि खांबावर घण घातल्यासारखा मारत सुटलो. खांबाला ढिम्म नाही. जिन्यात मात्र पावलं वाजली.

"दोन वाजून दहा मिनिटं!" सेक्रेटरींचा आवाज. फटीत त्यांच्या चष्म्याची एक काच दिसली. "नियम वाचलाय ना?"

"सेक्रेटरीसाहेब, मी आत अडकलोय! हिला कळा सुरू झाल्यात!"

"मला सहानुभूती आहे. पण आज तुम्हाला ठोकू दिलं तर उद्या तिसऱ्या मजल्यावरचे ठोकतील. तातडीच्या कामाचा वेगळा अर्ज असतो." आणि फटीतून खरोखर एक कागद आत आला. तो माणूस कोरे अर्ज खिशात घेऊन फिरतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मी मिस्त्रीच्या कानामागची पेन्सिल काढून तो भरायला बसलो. एकवीस वर्षांच्या नोकरीनं हात आपोआप चालतो. 'कामाचे स्वरूप' या रकान्यापाशी मी अडखळलो, आणि तेवढ्यात बाहेर बायको कळवळून ओरडली.

त्यानंतर जे झालं ते मी फटीतून जेवढं दिसलं तेवढंच सांगू शकतो.

"साऽऽवधान!"

मिस्त्रीच्या हातातली करवत खाली पडली. मी अर्ज हातात घेऊन ताठ उभा राहिलो. बाहेर सेक्रेटरींच्या टाचा जुळल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. महिनाभर पाणी विचारून पिणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

"सेक्रेटरी, गाडी काढा! बघताय काय, पळा! काकू, दोन्ही पोरी तुमच्याकडे! थोरले, दाराजवळची बॅग दे! सूनबाई, माझा हात धर. घट्ट. श्वास आत, एक... दोन... सोड, एक... दोन... शाब्बास!"

"अण्णा!" मी फटीला तोंड लावून ओरडलो. "अण्णा, मी आलोच!"

कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. फटीतून मला अण्णांचं कोपर दिसलं आणि ते आवळून धरलेली बायकोची बोटं. मग तेही दिसेनासं झालं. जिन्यावरून एक... दोन... एक... दोन... खाली गेलं. गाडी सुरू झाली. घर शांत झालं.

"आता लागा कामाला!" मी मिस्त्रीला म्हणालो.

"चारनंतर," मिस्त्री म्हणाला. "या बिल्डिंगमध्ये माझी अजून दोन कामं आहेत, साहेब. सेक्रेटरींनी अर्जावर सही केली नाही."

मी हात जोडले. पायही धरले असते, पण त्या खोलीत वाकायला जागा उरली नव्हती. काकूंनी फटीतून माझा फोन आत सरकवला आणि सांगितलं की घाबरू नका, माझ्या वेळी हे बावीस तास चाललं होतं. मी अण्णांना फोन लावला. तो हॉलमध्ये दिवाणावरच वाजला. मग माझा वाजला.

"बुधवारी अण्णांना गाडीत बसवतोयस ना?" दादानं विचारलं.

"दादा, मी खोलीत अडकलोय."

"मीटिंग आहे का?"

"नाही. पलंग आहे."

त्यानं मला सगळं सांगू दिलं. मग एवढंच म्हणाला, "मी तेच म्हणतोय. तुमच्याकडे जागा नाही." तो खोटं बोलत नव्हता.

फोन ठेवला आणि मला एकदम नियमाची भाषा आठवली. ठोकाठोक बंद. करवतीनं कोण ठोकतं? मी करवत उचलली. मिस्त्रीनं विचार केला, मान हलवली आणि पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला, त्याच्यानं बघवत नव्हतं. मी आयुष्यात कधी पेन्सिलीपलीकडे लाकूड कापलेलं नाही. अर्ध्या तासात हाताला फोड आले, घामावर भुसा बसून मी थालीपिठासारखा झालो... नाही, ते असो, भुशानं माखलो एवढं पुरे. फटीतून काकू सूचना देत होत्या. "वरून कापा. तिरकं धरा. श्वास सोडा." शेवटी न राहवून करवत मिस्त्रीनंच माझ्या हातातून घेतली. "असं नाही, साहेब," म्हणाला, आणि दहा मिनिटांत खांब कापला. खांब निघाला, वरचा मजला कलला, खालच्या मजल्यावर बसला, आणि आमचं महिन्याभराचं स्वप्न ढीग होऊन जमिनीवर आलं. भिंतीत तेवढे आठ बोल्ट जागच्या जागी राहिले.

मी त्या ढिगावरून उडी मारून दार उघडलं आणि तसाच पळालो.

"एका पेशंटबरोबर एकच नातेवाईक," दवाखान्यातली खिडकीमागची बाई म्हणाली. "तुमचा माणूस आत गेलाय."

"अहो, तो माणूस माझे वडील!"

तिनं कागद पाहिला. "इथं लिहिलंय, पेशंटचे वडील. सही आहे."

"पेशंटचे नाही, माझे!"

"मग तुम्ही पेशंटचे भाऊ का?"

मी नवरा आहे हे तिला पटवायला सतरा मिनिटं लागली. माझ्याकडे ओळखपत्र नव्हतं, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात मिस्त्रीची होती, आणि बोलताना माझ्या भुवयांतून भुसा पडत होता. "नवरे असे येत नाहीत," ती म्हणाली. शेवटी एक नर्स आली, मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "आत अडकलेले ते हेच वाटतं," आणि मला घेऊन गेली. म्हणजे माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती.

बायको उशीला टेकून पडली होती. दमलेली, पण हसत होती. तिच्या कुशीत एक गाठोडं होतं. दुसरं अण्णांच्या मांडीवर. अण्णा खुर्चीत इतके अलगद बसले होते की पाठ सरळ आहे की नाही याचं त्यांना भान नव्हतं.

"दोन्ही मुली," बायको म्हणाली. "दोघी छान आहेत."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चार मुली! मला आनंदानं रडू येत होतं की भीतीनं, ते त्या वेळी कळलं नाही, अजूनही नीट सांगता येणार नाही. पण एक गोष्ट सांगणं भाग होतं. मी अण्णांच्या समोर उभा राहिलो.

"अण्णा, पलंग मोडला."

ते बाळाकडेच पाहत राहिले.

"आता पुन्हा करायचा तर महिना जाईल. मी शब्द दिला होता, पण... दादाचा फोन आला होता. मला वाटतं, थोडे दिवस, म्हणजे सोय होईपर्यंत, बुधवारी..."

हे मी बोलत होतो. टेबलावर मूठ आपटणारा मी. माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. अण्णांनी बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. ते सारखंच होतं, तरी पुन्हा केलं.

"कोणी कुठे जात नाहीये," बायको म्हणाली. "मी दादांना नर्सच्या फोनवरून सांगून टाकलंय. तिकीट रद्द करा म्हटलं. कागदावर त्यांनी काय लिहिलंय ते वाचलंत ना? मग वडिलांना काय असं कोणी पाठवून देतं?"

"अगं, पण जागा? मी मोजलंय. खोलीत डबलबेडवर तू आणि या दोघी, खाली गादीवर मुली. हॉलमध्ये अण्णा. मग मी?"

"स्वयंपाकघरात."

"स्वयंपाकघरात ओट्यापुढे जमीन पाच फूट बाय चार फूट आहे! मी पाच फूट आठ इंच आहे!"

"तिरके झोपा."

मी मनात हिशेब केला. पाच आणि चारचा कर्ण म्हणजे सहा फूट पावणेपाच इंच. मी मावत होतो. डोक्याशी आणि पायाशी चांगली चार-चार इंच जागा उरून मावत होतो. एकवीस वर्षं मोजणी करणाऱ्या माणसाला सुचलं नाही ते या बाईनं टेप न लावता, कळा देता देता, अंथरुणात पडून काढलं होतं.

"पण स्वयंपाकघरात?" माझा आवाज चढला. "मी घरातला कर्ता माणूस! माझ्या स्वतःच्या घरात मी गॅसच्या सिलिंडरशेजारी..."

"ए!"

मी ताठ झालो.

"हळू बोल, गाढवा!" अण्णा दबक्या आवाजात गरजले. दबका आवाज असूनही बाहेर कोणाच्या तरी हातातला ट्रे खणखणला. "आत्ता कुठे डोळा लागलाय पोरीचा. आणि अंगावरचा भुसा पडतोय तुझ्या, अक्कल आहे का? पाठ सरळ कर. जा, बाहेर जाऊन उभा राहा, बोलावल्याशिवाय आत यायचं नाही!"

मी पाठ सरळ केली, बाहेर गेलो आणि भिंतीला लागून उभा राहिलो. येणारेजाणारे माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहत होते. महिनाभरात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.